पटकी (कॉलरा), टायफॉइड, रक्ती आव: यांच्या जिवाणूंवर संशोधन करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणारी, मुंबईत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारते: आतड्यांचे रोग करणाऱ्या जिवाणूंवर संशोधन करायची इच्छा आहे. पण कॉलेजातले सर म्हणतात की विषय जुना झाला, आता सगळं जीनोमिक्स (जिवाणूचा संपूर्ण डीएनए वाचणं) आहे. घरचे म्हणतात की शौचाचे नमुने हाताळण्यात कसलं आलंय करिअर. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम काय असतं, सुरुवात कुठून करावी आणि मुंबईत राहून हे जमेल का?

मी परळच्या परिसरात, थोडा काळ रुग्णालयाच्या बेंचवर आणि पुढे संशोधनाच्या लॅबमध्ये, याच जिवाणूंबरोबर उभी हयात घालवली आहे. म्हणून उत्तर लांबेल, पण मुख्य मुद्दा आधीच सांगते. विषय जुना आहे, संपलेला मुळीच नाही. या विषयात ज्यांचं काम टिकलं, त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. प्लेटवर वाढलेला जिवाणू कुठल्या माणसाच्या पोटातून आला, त्या माणसाला नेमकं काय होत होतं, तो कुठलं पाणी पीत होता, याचा त्यांनी कधी विसर पडू दिला नाही. तंत्रं बदलत राहतात. हा धागा मात्र सुटला की उत्तमातल्या उत्तम तंत्रातूनही कुणाच्या उपयोगाला न येणारे निबंध निघतात.

संभुनाथ डे यांचं नाव अभ्यासक्रमात एखाद्या ओळीत येऊन गेलं असेल. मला ते फार जवळचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. रॉबर्ट कॉख 1884 मध्ये कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांमधून स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू वेगळा करून परत गेले. हा जिवाणू काहीतरी विष सोडत असावा, हा तर्कही त्यांचाच. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षं ते विष कुणाला ठामपणे दाखवता आलं नाही. प्राण्यांना टोचून पाहिलं, पाजून पाहिलं. पटकीसारखं काही होईना. डे हे कलकत्त्यातले पॅथॉलॉजिस्ट. पटकीचा रोगी त्यांच्या रोजच्या पाहण्यातला. रोग्याच्या रक्तात जिवाणू सापडत नाही, सगळा उत्पात आतड्याच्या पोकळीत चालतो, मग जिवाणूही तिथेच ठेवून पाहायला हवा, असा त्यांचा साधा आणि अचूक विचार. सशाच्या लहान आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, त्यात जिवाणूंचं संवर्धन सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. तो भाग पाण्याने टम्म फुगलेला असायचा. हे काम 1953 मध्ये छापून आलं. 1959 मध्ये त्यांनी त्याच पद्धतीने जिवाणू गाळून काढलेला, म्हणजे एकही जिवंत जिवाणू नसलेला द्रव वापरला, तरी आतडं फुगलं. विष सिद्ध झालं. तो निबंध ‘नेचर’मध्ये आला. मधल्या काळात, 1956 मध्ये, त्यांनी हीच कसोटी ई. कोलायलाही लावली होती. आज प्रवाशांच्या आणि लहान मुलांच्या जुलाबांमागे विष सोडणारे ई. कोलाय असतात असं आपण सहज म्हणतो, त्याची एक सुरुवात तिथे आहे.

या सगळ्याला लागलं काय? ससे, दोरा, गाळणी आणि रोग नीट पाहिलेला माणूस. नोबेल मिळालेले अमेरिकन जिवाणू-जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळालं नाही आणि 1985 मध्ये डे गेले. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कॉख पाठ असतात आणि डे नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या एका निरीक्षणातून पुढे किती निघालं ते पाहा. 1969 मध्ये फिंकेलस्टीन यांनी विष शुद्ध स्वरूपात मिळवलं. त्याचे पाच सारखे भाग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-1 नावाच्या स्निग्ध रेणूला चिकटतात आणि सहावा भाग पेशीत शिरून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतो. मग क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी. तीव्र पटकीत माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. पण या गोंधळात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत ओढणारी यंत्रणा शाबूत राहते, आणि मीठ-साखरेचं पाणी रुग्णाला वाचवतं ते याच दारातून. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी पिंपांतून वाटलं. 30 टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. तुमच्या घरच्यांनी विचारलं की या विषयात काय आहे, तर त्यांना हे सांगा.

आता रोजच्या कामाकडे येते. शौचाचा नमुना गोळा करणं हे शिपायाचं किंवा टेक्निशियनचं काम आणि आपलं काम त्याच्यानंतर सुरू होतं, असं मानणारे संशोधक मी खूप पाहिले. माझ्या मते निम्मं विज्ञान तिथेच घडतं किंवा बिघडतं. रक्ती आव करणारा शिगेला हा फार नाजूक जिवाणू. नमुना दोन-तीन तास उन्हात टेबलावर राहिला की तो मरतो आणि तुमच्या प्लेटवर उरतात फक्त निरुपद्रवी ई. कोलाय. रिपोर्ट जातो ‘रोगकारक जिवाणू आढळला नाही’. पटकीचा जिवाणू, म्हणजे व्हिब्रिओ, वाळला की जातो, आम्लात जातो, पण अल्कलीत खुशाल वाढतो. म्हणून त्याला पीएच 8.6 च्या पेप्टोन वॉटर या द्रव माध्यमात टाकायचं आणि सहा ते आठ तासांनी वरच्या थरातून लूप (तारेच्या कडीने थेंब) घ्यायचा, कारण त्याला हवा हवी असते आणि तो पोहत वर येतो. तळातून लूप घेतलात तर इतर जिवाणूंची गर्दी मिळेल. हेच संवर्धन रात्रभर तसंच ठेवलंत तर इतर जिवाणू पुन्हा वरचढ होतात. टीसीबीएस या व्हिब्रिओसाठीच्या माध्यमावर पिवळी, चपटी, चकचकीत वसाहत दिसली की लगेच पटकी म्हणायचं नाही. सुक्रोज आंबवणारे दुसरे व्हिब्रिओही पिवळेच दिसतात. ऑक्सिडेज आणि स्ट्रिंग टेस्ट या ओळख पटवणाऱ्या चाचण्या, मग सिरम, हा क्रम हातात बसायला हवा. लांबून नमुने येणार असतील तर वाटेत जिवाणू जिवंत ठेवणारं कॅरी-ब्लेअर माध्यम आहे. पटकीसाठी आपल्याकडच्या वेंकटरामन आणि रामकृष्णन यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेला समुद्री मिठाचा व्ही-आर फ्लुइड आहे, आणि तो आजही उत्तम चालतो.

त्याआधीचा एक प्रश्न आपल्या शहरात फार महत्त्वाचा: रुग्णाने येण्याआधी काय घेतलं? मुंबईत जुलाब सुरू झाले की माणूस आधी नाक्यावरच्या केमिस्टकडे जातो. तिथून ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडाझोलची पट्टी, नाहीतर अझिथ्रोमायसिन. तिसऱ्या दिवशी तो ओपीडीत येतो तेव्हा प्लेटवर काही वाढत नाही. ही माहिती न विचारता ‘शंभर नमुन्यांत इतके पॉझिटिव्ह’ असं लिहिलं तर तो आकडा रोगाविषयी काही सांगत नाही. केमिस्टच्या दुकानाविषयी थोडंफार सांगतो, इतकंच. आणि विचारताना ‘अँटिबायोटिक घेतलं का?’ असं विचारू नका. ‘येण्याआधी कुठली गोळी घेतली? पट्टी आहे का जवळ?’ असं विचारा. मावशींच्या पर्समधून पट्टी निघतेच.

जिवाणू हाती आल्यावर तो आहे तसा जपणं हे दुसरं मोठं काम. यावर पुस्तकांत फारच कमी लिहिलेलं असतं. शिगेलाची आतड्याच्या पेशीत घुसण्याची ताकद एका मोठ्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) असते. आठवड्याला एका स्लँटवरून (तिरप्या माध्यमाच्या नळीवरून) दुसऱ्यावर असं फिरवत राहिलात तर काही पिढ्यांनी ते प्लाझ्मिड गळून पडतं. काँगो रेड घातलेल्या माध्यमावर लाल वसाहती कमी होत जातात, पांढऱ्या वाढतात. नावाने तो शिगेलाच, पण रोग करण्याची क्षमता गेलेली. टायफॉइड करणाऱ्या साल्मोनेला टायफीचं व्ही-आय आवरणही असंच हरवू शकतं. विद्यार्थी मग वर्षभर एका निस्तेज जिवाणूवर प्रयोग करतो आणि निष्कर्ष लिहितो रोगाबद्दल. म्हणून पहिल्या दिवशीच, पहिल्या शुद्ध वसाहतीपासून, ग्लिसरॉलमध्ये अनेक कुप्या करून उणे 80 अंशांवर ठेवा. काही कुप्या दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये. रजिस्टरमध्ये तारीख, रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, वय, लक्षणं, वस्ती, पाण्याचा स्रोत, घेतलेलं औषध. मला एखाद्या लॅबची पारख करायची असेल तर मी आधी तिचं स्ट्रेन रजिस्टर मागते.

जीनोमिक्सबद्दल तुमच्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते शिकायलाच हवं. पटकीच्या जिवाणूचा पहिला संपूर्ण जीनोम 2000 मध्ये वाचला गेला आणि त्यात एकाऐवजी दोन गुणसूत्रं आहेत हे नीट उलगडलं. त्याआधी 1996 मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस यांनी दाखवलं होतं की विषाची जनुकं मुळात जिवाणूची नाहीतच, ती एका विषाणूने, म्हणजे फेजने, आणलेली आहेत. साध्या पाण्यातल्या जिवाणूला फेज गाठतो आणि तो मारक होतो, ही कल्पना मला आजही थक्क करते. 2010 मध्ये हैतीत पटकीची साथ आली तेव्हा तिथला जिवाणू नेपाळमधल्या जिवाणूशी जुळतो हे जीनोमवरूनच ठामपणे सांगता आलं. पण सांगता का आलं? नेपाळमधले जिवाणू कुणीतरी नीट वेगळे करून, तारीख-ठिकाण लिहून, जपून ठेवले होते म्हणून. नमुन्यामागची माहिती नसेल तर जीनोम म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. सिक्वेन्सिंग आज बाहेरून पैसे देऊन करून मिळतं. चांगला स्ट्रेन आणि त्याची हकीकत पैसे देऊन मिळत नाही. जी व्यक्ती बेंचवर जिवाणू ओळखू शकते आणि संगणकावर वंशवृक्षही वाचू शकते, तिला कामाची वाण पडत नाही. मशीनवर आंधळा विश्वास नको, एवढंही सांगते: रुग्णालयात आता सर्रास वापरलं जाणारं माल्डी-टॉफ हे जिवाणू ओळखणारं यंत्र शिगेला आणि ई. कोलाय यांच्यात खात्रीने फरक करू शकत नाही. तिथे अजून हातानेच जैवरासायनिक चाचण्या आणि सिरम लावावं लागतं.

मुंबईत राहून जमेल का, हे विचारलंत. या विषयासाठी मुंबईसारखं दुसरं ठिकाण शोधून सापडायचं नाही. आपलं पिण्याचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या तलावांतून येतं, भांडुपसारख्या केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून निघताना चांगलं असतं. अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. पाणी दिवसातून काही तासच सोडलं जातं. उरलेल्या वेळात नळात दाब नसतो. वस्तीत गटाराला लागून गेलेल्या गंजक्या जोडणीतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटल्याबरोबर पहिल्या हंड्यात तेच येतं. एकाच गल्लीत, एकाच आठवड्यात पाच घरांतली मुलं आजारी पडतात ती यामुळे. पाण्यात क्लोरिनचा अंश लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरला पाहिजे असं मानक सांगतं. गल्लीच्या टोकाला तो उरतो का, हे साधी किट घेऊन तपासता येतं. बर्फाचंच घ्या. खाण्याचा आणि माल थंड ठेवण्याचा बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2018 मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायला लावला. आणि मचूळ पाणी हे तर व्हिब्रिओचं मूळ घर. तो तिथे सूक्ष्म प्राण्यांच्या कायटिनच्या कवचाला धरून राहतो. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात बायकांना जुन्या साडीची चौपदरी घडी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा हे सूक्ष्म प्राणी कापडात अडकले आणि पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. 2003 मध्ये छापलेलं हे काम प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं मला वाटतं, कारण त्यात खाडीतला जीव, गाळणारी बाई आणि रुग्णाचा आकडा एका ओळीत येतात.

आपल्या शेजारीच घडलेलं आणखी एक उदाहरण. टायफॉइड फक्त माणसाला होतो. टायफीला दुसरा नैसर्गिक यजमान नाही. उंदरांवरचे प्रयोग करायला टायफीम्युरियम हा भाऊबंद वापरावा लागतो, आणि उंदरात खरं ठरलेलं माणसात ठरेलच असं नाही. निदान हा तर कायमचा डोकेदुखीचा विषय. रक्तातली प्रतिपिंडं पाहणारी 1896 ची विडाल चाचणी आपल्याकडे अजून सर्रास होते आणि एका विडालवर विसंबून औषधं दिली जातात. ब्लड कल्चर (रक्तातून जिवाणू वाढवून पाहणं) हा आधार, पण तेही सुमारे 60 टक्केच रुग्ण पकडतं. आधी गोळ्या घेतल्या असतील तर त्याहूनही कमी. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात 2016 पासून जवळपास सगळ्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टायफॉइड पसरला, त्याने सगळ्यांची झोप उडवली. अशा वेळी 2018 मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम हाती घेतली. सरकारी यंत्रणेने ही लस अशी देण्याची जगातली ही पहिली वेळ. लस हैदराबादेत तयार झालेली, मुलं वाशी-तुर्भ्यातली. लशीचा परिणाम मोजायला रुग्णालयांमधून ब्लड कल्चर नीट घेतलं जाणं किती आवश्यक, हे अशा मोहिमांत कळतं. चांगली निदानतंत्रं हा या क्षणी या क्षेत्रातला सर्वांत निकडीचा प्रश्न आहे असं माझं मत आहे. मला आज पीएचडी करायची असती तर मी हाच विषय घेतला असता.

पैसे आणि परीक्षा यांबद्दल थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची परीक्षा, गेट, यांतलं किमान एक पार करा. जानेवारी 2023 पासून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ (वरिष्ठ) 42,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही. पहिले काही महिने घरचा आधार असेल असं गृहीत धरून चला. पीएचडीला पाच वर्षं धरा. शिवाय एक कटू गोष्ट आधीच माहीत असावी: वैद्यकीय महाविद्यालयांच्या विभागांत एम.डी. नसलेल्यांना कायम जागा फार कमी मिळतात. एम.एस्सी.-पीएचडी झालेल्यांचं भवितव्य संशोधन संस्था, विद्यापीठं, लस आणि निदान-किट बनवणाऱ्या कंपन्या, अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांत असतं. ते चांगलं असतं, फक्त रुग्णालयातली खुर्ची डोक्यात ठेवून येऊ नका. रुग्णालयाशी भागीदारी करा; तिथल्या निवासी डॉक्टरांना नमुन्यांचं महत्त्व पटवलंत तर ते जिवाचं रान करतात.

जागा कुठल्या? परळची हाफकिन संस्था तर आहेच. वाल्डेमार हाफकिन भारतात आले ते मुळात पटकीची लस घेऊन. 1896 च्या प्लेगने त्यांना मुंबईत आणलं आणि 1899 मध्ये परळला प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली. केईएम, सायन, नायर इथले मायक्रोबायोलॉजी विभाग, साथरोगांसाठीचं चिंचपोकळीचं कस्तुरबा, कलिनाचं विद्यापीठ, पवईचं आयआयटी, कुलाब्याचं टीआयएफआर. शेवटच्या दोन ठिकाणी मूलभूत बाजू आणि उपकरणं, रुग्णालयांत रोग. दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक मिळाला तर सोन्याहून पिवळं. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर 1962 मध्ये पटकीच्या संशोधनासाठी सुरू झालेली आयसीएमआरची कोलकात्याची संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही माझी पहिली दोन नावं. परदेश पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, ठेवा. इथले स्ट्रेन बाहेर नेऊन तिथे काम करू असा बेत असेल तर 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते, ती वेळखाऊ असते आणि ती टाळायची नसते. परतायचं ठरवलंत तर रामलिंगस्वामी फेलोशिप त्यासाठीच आहे.

मार्गदर्शकांना पत्र लिहिताना ‘आपल्या संशोधनात मला रुची आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचा एक निबंध पूर्ण वाचा आणि त्यातल्या जिवाणूंबद्दल एक खरा प्रश्न विचारा: हे स्ट्रेन कुठल्या रुग्णांचे, किती वेळा फिरवलेले, लक्षणं काय होती? मला असं पत्र आलं की मी त्या मुलाला किंवा मुलीला भेटायला बोलावतेच.

घरच्यांच्या शंकेचं उत्तर तुम्हीच तुमच्या शिस्तीने द्याल. भीती अगदीच निराधार नाही. प्रयोगशाळेत टायफॉइड लागल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत आणि शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी पुरे होतात. पण टायफॉइड किंवा शिगेला हवेतून येऊन झडप घालत नाहीत. ते हातावरून तोंडात जातात. म्हणजे हात, नखं, पेन, मोबाइल. मोबाइल लॅबच्या बाहेर, कोट लॅबच्या आत, तोंडाने पिपेट कधीच नाही, बायोसेफ्टी लेव्हल 2 चे नियम रोज आणि वापरलेली प्रत्येक प्लेट 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर. आईला एकदा लॅबच्या दारापर्यंत घेऊन जा आणि हे सगळं दाखवा. बऱ्याच घरांतला विरोध तिथे मावळतो.

एम.एस्सी.चा प्रकल्प पावसाळ्यात रुग्णालयाच्या लॅबमध्ये मिळत असेल तर दुसरं काही पाहू नका, तोच घ्या. जून ते सप्टेंबरात जितके नमुने हाताखालून जातात तितके पुढे वर्षभरात जात नाहीत. त्यासाठी मे महिन्यातच टायफॉइडची लस घ्या, कारण टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतरच बेंचवर बसा.